कोय धरायच्या आधीची परीक्षा

मोहाच्या झाडाखाली सकाळी टोपली घेऊन बसावं, एकेक फूल वेचून जमीन लख्ख करावी, कमरेवर हात ठेवून उठावं आणि मागं वळून पाहावं, तर तेवढीच फुलं पुन्हा पडलेली! गोष्टींचंही तसंच असतं. कोणी म्हणतं, आजी, तुमच्याजवळ इतक्या गोष्टी येतात कुठून? येत नाहीत बाबा, पडतात. मी झाडाखाली बसलेली आहे, एवढंच.

माझं झाड म्हणजे आमच्या गडचिरोलीच्या विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्र विभाग. त्याच्या प्रयोगशाळेच्या खिडकीसमोर माझी चहाची टपरी. खिडकी उघडी असते, त्यामुळं आतलं ऐकू येतं. जे ऐकू येत नाही ते परसराम सांगतो. परसराम म्हणजे प्रयोगशाळेचा परिचर. काचा पुसतो, पानं-फळं आणून ठेवतो आणि चहा पिताना सगळं सांगून झालं की म्हणतो, "आजी, कोणाले सांगू नोको हं!"

म्हणून मी कोणाला सांगत नाही. नातीला लिहून घ्यायला लावते. मला लिहिता-वाचता येत नाही.

*

विभागात एक झाडे सर आहेत. तरुण, हुशार, चालताना अर्धे पळतात. ते एकदा कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि परत आले ते एक शब्द घेऊन आले. आउटकम!

बसस्टँडवरून थेट माझ्याकडं. बॅग खांद्यावरच.

"आजी, आपण आजपर्यंत चुकीचं मोजत होतो. मास्तरानं किती शिकवलं ते पाहायचंच नाही. पोराला शेवटी काय येतं, ते पाहायचं. त्याला म्हणतात आउटकम."

मी म्हटलं, "मंग इतके दिवस काय पाहत होते, सर?"

"मार्क."

"अन् मार्क कशाचे देत होते?"

सरांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. "प्रश्न चांगला आहे तुमचा," असं म्हणाले आणि निघून गेले.

मला बरं वाटलं. तिथं बाकावर एक पोरगी बसली होती, ती म्हणाली, "आजी, खुश नोको होऊ. उत्तर येत नसलं का सर असंच म्हणतेत."

*

ती पोरगी म्हणजे रोशनी मडावी. तिच्याबद्दल आधी सांगून टाकते, कारण पुढं सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

रोशनीचं गाव एटापल्लीच्या पलीकडं, जंगलात. तिथं एस.टी. दिवसातून एकदा जाते आणि रात्री तिथंच झोपते. गावाला आपल्या जंगलाचा हक्क मिळाला आहे. बांबू, तेंदूपत्ता, मोह, सगळा कारभार ग्रामसभा पाहते. आता कारभार आला म्हणजे नकाशे आले, साहेबलोक आले, आराखडे आले. ग्रामसभेनं ठरवलं, हे काम पाहायला आपलीच शिकलेली पोरगी ठेवायची. जागा रोशनीसाठी राखून ठेवली. अट एकच. यंदा एम.एस्सी. पास होऊन ये. यंदा नाही आली, तर पावसाळ्याच्या आधी बाहेरचा माणूस बसवावा लागेल.

रोशनी बाकावर बसून चहा फुंकायची आणि म्हणायची, "आजी, बाहेरचा आला ना, तो आधी विचारीन, इथी सागवान काऊन नाई लावत तुमी."

"मंग?"

"मंग काय! मोह तोडावं लागन ना सागवानासाठी."

एवढं बोलून ती पुस्तक उघडायची.

*

मार्च लागला की आमच्याकडं कॉलेजं आपोआप रिकामी होतात. सुट्टी कोणी देत नाही, मोह देतो. घरोघरची माणसं मोह वेचायला जातात, पोरंही जातात. रोशनीच्या वर्गात तशीही पोरं चारच. ती आणि तीन मुलगे. त्यातले तिघंही मोहावर.

नेमका त्याच आठवड्यात झाडे सरांना वरून हुकूम आला. विद्यार्थ्यांना विचारा, शिक्षक कसे शिकवतात. पण गुप्त!

सर वर्गात गेले. रोशनी एकटी बसलेली. सरांनी कागद वाटला. वाटला म्हणजे दिला. आणि अगदी मोठ्यानं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, "मोकळेपणानं लिहा. घाबरायचं कारण नाही. कोणीही आपलं नाव लिहू नये. आणि एकमेकांचं पाहायचं नाही!"

रोशनीनं लिहिलं. घडी घातली. सरांनी डब्बा पुढं केला, तिनं त्यात टाकली. सरांनी डब्बा हलवला.

संध्याकाळी सर चहाला आले ते उदास. "आजी, वर्गात कोणीतरी लिहिलंय की मी फार भराभर शिकवतो."

"असं?"

"हो ना. कोण असेल हो?"

*

आता माझ्या बकरीचं सांगते. तिचं नाव मंगळी. तिचा विद्यापीठाशी काही संबंध नव्हता, परसरामानं आणला.

झाडे सरांनी परीक्षा ठेवली, पानं ओळखायची. परसरामानं आदल्या संध्याकाळी हिंडून पानं आणली. ऐन, धावडा, मोह, बिबा, काय काय. ट्रेमध्ये ओळीनं मांडली, प्रत्येकापुढं नंबराची चिठ्ठी. आणि ट्रे वारा लागावा म्हणून खिडकीत ठेवला. माझ्या बाजूच्या खिडकीत!

सकाळी पोरं आली, तर मंगळी दोन पाय भिंतीला लावून शेवटचा घास चावत होती. नंबराच्या चिठ्ठ्या जागेवर. पानं नाहीत. फक्त एका नंबरापुढं पान उरलं होतं.

सर ओरडले, "परसराम! परीक्षा खाऊन टाकली हिनं!"

परसराम म्हणाला, "सर, काही हरकत नाई. एक नंबर तर राह्यला ना."

बोरकर मॅडम बाहेर आल्या. या विभागाच्या प्रमुख. बाई आमच्याच भागातली, नागभीडकडची, धानाच्या शेतात वाढलेली. हसू दाबून म्हणाल्या, "झाडे, वेळ कशाला घालवता? जे राहिलं ते विचारा."

पण ते पान देठापासून चुरगळलेलं. मंगळीनं तोंड लावून थुंकलं होतं. तिघं पोरं उलटसुलट करून पाहत राहिली. रोशनीनं हातही लावला नाही. दारातूनच म्हणाली, "बेशरम आहे, सर."

सर लाल झाले. "कोण?"

"पान, सर! बेशरमाचं झाड. नाल्याच्या काठी राह्यते ना, ते. बकरी एवढंच सोडते."

सरांनी अर्धे मार्क दिले. मॅडमनी विचारलं, अर्धे काऊन? सर म्हणाले, "पान पाहून ओळखायचं होतं मॅडम. तिनं बकरी पाहून ओळखलं!"

*

मग ते रंगांचं आलं. झाडे सरांनी मला खिडकीतून कॉम्प्युटरवर दाखवलं. एका बाजूला पोरांची नावं, एका बाजूला काय काय यायला पाहिजे ते. आलं असेल तर हिरवा चौकोन, नसेल तर लाल. सगळा पडदा हिरवागार, श्रावणातल्या धानाच्या बांधीसारखा.

मी म्हटलं, "छान पीक आलं हो सर!"

सर खुश. तेवढ्यात मॅडम मागून डोकावल्या. चष्मा वर केला. एका चौकोनावर बोट ठेवलं. "झाडे, फळ आणि बीज हा भाग तर अजून शिकवला नाही तुम्ही."

"नाही मॅडम. पुढच्या आठवड्यात घेतो."

"मग हा हिरवा कसा?"

सर म्हणाले, "मॅडम, वर पाठवायची मुदत आज आहे. शिकवायची मुदत अजून आहे ना!"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या चहाकडं पाहिलं. चहा उतू चालला होता.

*

तो फळ आणि बीज हाच भाग शेवटच्या प्रॅक्टिकलला आला.

बाहेरचे परीक्षक नागपूरहून आले. उंच, इस्त्रीचा शर्ट, कमी बोलणारे. आपण त्यांना साहेबच म्हणू. परसरामानं आवारातल्या आंब्याच्या कैऱ्या काढून प्रत्येकापुढं एकेक ठेवली. प्रश्न असा होता की दिलेलं फळ उभं कापा, आत दिसेल त्याची आकृती काढा, भागांना नावं द्या. याच प्रश्नाला सगळ्यात जास्त मार्क. हा गेला तर प्रॅक्टिकल गेलं, आणि प्रॅक्टिकल गेलं तर वर्ष गेलं.

तिघा पोरांनी ब्लेड चालवलं आणि खाली मान घालून चित्र काढायला लागली. रोशनी कैरीकडं पाहत बसून राहिली.

साहेब तिच्याजवळ थांबले. "काय झालं? ब्लेडला धार नाही?"

"आहे सर."

"मग काप."

"कापता येत नाई, सर. आमच्या गावचा पंडूम नाई झाला अजून."

आता हे साहेबाला काय कळणार! रोशनीच्या गावात नवं फळ आलं की कोणी एकट्यानं तोंड लावत नाही. गावचा पेरमा, म्हणजे पुजारी, तो दिवस सांगतो. त्या दिवशी सगळं गाव जमतं, आधी देवाला, मग सगळ्यांना. तो पंडूम. तोपर्यंत आंबा तोडायचा नाही, कापायचा नाही, खायचा नाही. गावात असा की गावाबाहेर असा. आम्ही शेतकरी लोक, आमच्यात तसं काही नाही. आमची पोरं बोराएवढी कैरी दिसली की दगड मारायला लागतात.

झाडे सर पळत आले. "सर, मुलगी हुशार आहे. दुसरं एखादं फळ..."

"प्रश्नपत्रिका विद्यापीठाची आहे," साहेब म्हणाले. "टोमॅटो आणून देऊ का?"

बोरकर मॅडम रोशनीशेजारी स्टूल ओढून बसल्या. हळूच म्हणाल्या, "रोशनी, एवढी एक काप माय. जागा जाते तुझी. गावात कोण सांगणार आहे?"

"कोणी नाई सांगणार, मॅडम."

"मग?"

"मले तर माहीत राहीन ना."

खिडकीच्या इकडं मी हातातली गाळणी तशीच धरून उभी.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "हे बघ, तुझ्या गावचा पंडूम आणि माझी परीक्षा, यांचा एकमेकांशी काय संबंध?"

रोशनी उभी राहिली. "सर, न कापता सांगू का आत काय आहे ते?"

"सांग."

"आत कोय नाई."

तिघं पोरं फिसकन हसली. झाडे सरांनी कपाळाला हात लावला.

"आंब्यात कोय नाही?" साहेब म्हणाले.

"धरली नाई अजून. कोय धरली का पेरमा दिवस सांगते. हे लवकरचं तोडलं आहे, सर."

साहेबांनी बाकीच्या तिघांचे कागद उचलले. तिन्ही कागदांवर सुंदर चित्र. मधोमध जाड, टणक कोय, पेन्सिलीनं छाया दिलेली, बाण काढून तिचं पुस्तकातलं लांबलचक नाव लिहिलेलं. एकानं तर कोयीवरच्या शिरासुद्धा काढल्या होत्या.

मग साहेबांनी रोशनीपुढची कैरी घेतली. तिचंच ब्लेड घेतलं. मी कान देऊन होते, आता कट्कन वाजेल. काही वाजलं नाही. काकडीतून जावं तसं ब्लेड आरपार गेलं. आत पांढरं, मऊ. कोयीचा पत्ता नाही.

साहेबांनी पोरांच्या कापलेल्या कैऱ्या पाहिल्या. त्याही तशाच. पहिल्या पोराला त्याचा कागद दाखवला. "ही कोय कुठं पाहिलीस?"

"पुस्तकात, सर."

"आणि इथं, समोर?"

"समोर नव्हती सर," पोरगं प्रामाणिक हो! "पण परीक्षेत तर तीच येते ना!"

साहेबांनी खाली बसून मार्क लिहिले. पाकिटात घातले, लाख लावली आणि बस पकडून गेले. झाडे सरांनी विचारलं तर एवढंच म्हणाले, "निकालात दिसेल."

रोशनी टपरीवर आली. "आजी, प्रश्न 'कापा' असा होता. मी कापलं नाई."

मी चहा दिला. तिनं तो फुंकलासुद्धा नाही, तसाच गरम प्यायला.

*

निकाल लागला तेव्हा रोशनी गावी होती. तेंदूपत्त्याचे दिवस. तिच्या गावात फोन लागत नाही. डोंगरीवर चढलं तर लागतो, पण डोंगरीवर आहे कोण हे इकडून कसं कळणार?

दुपारी तिच्या गावाकडं जाणारी एस.टी. गेटसमोर थांबली. माणसं बसली, गाडी सुटली आणि बोरकर मॅडम आतून ओरडत आल्या. हात वर, पदर कुठं, चष्मा कुठं. गाडीच्या बाजूनं पळत ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. ड्रायव्हरनं मान हलवली आणि गेला.

तो ड्रायव्हर म्हणजे भला माणूस, पण वाटेत दोन नाले, एक पंक्चर आणि एक भांडण लागलं. गावात पोचला तेव्हा दिवस मावळत होता. सारं गाव गाडीजवळ उभं, कारण निकाल आज आहे एवढं त्यांना माहीत होतं. समोर रोशनी, तिच्या बाजूला म्हातारा पेरमा.

ड्रायव्हर खाली उतरला. "मडावींची पोरगी कोणती? तुझ्या मॅडमनं निरोप दिला आहे."

"काय म्हणाल्या?"

ड्रायव्हरनं डोकं खाजवलं. "फर्स्ट म्हणाल्या का फेल म्हणाल्या... इंजिनाचा आवाज होता बाप्पा. नीट ऐकू नाई आलं."

रोशनीची आई तर खालीच बसली.

पेरमानं विचारलं, "बाई कशी होती?"

"कशी म्हणजे?"

"निरोप सांगताना कशी होती?"

ड्रायव्हर आठवायला लागला. "पळत होती. मोठी बाई, पण पोरीसारखी पळत होती. अन् हो, पायात चप्पल नव्हती. एवढ्या उन्हात डांबरावर!"

पेरमा रोशनीच्या बापाला म्हणाला, "ढोल काढ."

मार्कांचा कागद पुढच्या आठवड्यात पोचला. तोपर्यंत जेवणं उठली होती, आणि रोशनी ग्रामसभेच्या कामावर बसली होती. पास होती म्हणून बरं!

झाडे सर मात्र मॅडमना विचारत राहिले, "मॅडम, न कापलेल्या फळाचे मार्क साहेबांनी कोणत्या आउटकममध्ये टाकले असतील?"

मॅडम म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे तुमचा."

*

हे सगळं गेल्या वर्षीचं. यंदा तेच साहेब पुन्हा आले.

तोच इस्त्रीचा शर्ट, तीच बॅग. शुक्रवारी प्रॅक्टिकल सुरू झालं. यंदा प्रश्नात फुलं होती, फळं नव्हती. कोणी बदललं ते परसरामालाही माहीत नाही, म्हणजे पाहा!

दुपारी साहेब टपरीवर जेवायला आले. मी वरण-भात वाढला, बाजूला कैरीची चटणी. आवारातल्याच झाडाची, सकाळी वाटलेली, वर लाल तिखट. लोक त्या चटणीसाठी दोनदा भात घेतात. साहेबांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, बोट चटणीजवळ गेलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला रोशनी बसली होती. ग्रामसभेच्या कामानं गडचिरोलीला आली की ती माझ्याकडं थांबते. तिनं नमस्कार केला. साहेबांनी ओळखलं. बोट तिथंच थांबलं.

"तुमच्या गावचा पंडूम झाला का?" साहेबांनी विचारलं.

"नाई सर. सोमवारी आहे."

साहेबांनी चटणीची वाटी उचलून माझ्या हातात दिली.

"आजी, ही झाकून ठेवा. सोमवारी वाढा."

त्यांचं परतीचं तिकीट रविवारचं होतं.